काउंटरवरचं स्पॅनिश आणि वरच्या मजल्यावरची खुर्ची

प्रश्न थोडक्यात असा: "टेक्सासमधल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या सिटी हॉलमध्ये मला अ‍ॅनालिस्टची नोकरी लागून चार महिने झाले. गावात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश-भाषक देशांतल्या कुटुंबांतले, आहेत. साहेबांनी 'हिस्पॅनिक आउटरीच', म्हणजे या लोकांपर्यंत पोचायचं काम, माझ्या गळ्यात घातलंय. मी मूळची नाशिकची, स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. सुरुवात कुठून करू? आणि ऑफिसातल्या हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांचा एक गट आहे, त्यात मी गेले तर ते बरं दिसेल का?"

वयाने मोठी आहे म्हणून तुला 'तू' म्हणते. हा 'तू' पुढे आपल्या विषयातच येणार आहे.

टेक्सासमधल्या दोन शहरांत मिळून मी 22 वर्षं नोकरी केली. सुरुवात पाणीबिलाच्या खात्यात, शेवट असिस्टंट सिटी मॅनेजरच्या ऑफिसात. स्पॅनिश मला आजही मोडकंतोडकंच येतं. त्यामुळे भाषा येत नाही ही तुझी अडचण मला फार मोठी वाटत नाही. मोठी अडचण वेगळीच आहे. तुझ्या साहेबांनी तुला 'आउटरीच' दिलं, म्हणजे गावातल्या लोकांकडे बघायला सांगितलं. तू आधी ऑफिसात बघ. काउंटरवर स्पॅनिश बोलणारं कोण आहे, ती व्यक्ती किती वर्षं तिथे आहे, त्या बोलण्याचे तिला वेगळे पैसे मिळतात का आणि वरच्या मजल्यावर तिच्यासारखं कोण बसतं, एवढं वहीत लिहून काढ. गावाची सेवा आणि हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांची बढती ही सिटी हॉलमध्ये दोन वेगळ्या फायलींत ठेवलेली असतात. माझ्या मते ती एकच फाइल आहे.

हे मला कळलं ते 2021 च्या फेब्रुवारीत. त्या आठवड्यात सगळं टेक्सास गोठलं होतं. वीज गेली, नळ फुटले, पाण्याचा दाब गेला आणि शहरांमागून शहरांनी 'पाणी उकळून प्या' अशा सूचना काढल्या. आमची इंग्रजी सूचना रात्री नऊला गेली. स्पॅनिश सूचना गेली दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. अकरा तास उशिरा, आणि तीही चुकीची. स्पॅनिशमध्ये 'उकळा' याला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'येर्बा' होतो, आणि 'गवत, झाडपाला' याचाही तोच. लिहिताना फरक एका अक्षराचा: एकात व्ही, दुसऱ्यात बी. घाईत टाइप करणाऱ्याने बी मारला. पाच हजारांहून जास्त फोनवर "पाणी गवत" अशा अर्थाचं काहीतरी पोचलं. अर्थ लोकांच्या लक्षात आला असेलच, पण सिटी हॉलला आपल्याशी नीट बोलता येत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं.

चूक पकडली आमच्या काउंटरवरच्या एका बाईंनी. घरात वीज नाही, गाडीत बसून फोन चार्ज करताना त्यांनी मला मेसेज केला. त्या 17 वर्षं त्याच काउंटरवर होत्या. पोलिसांना दुभाषी लागला की त्यांना फोन, कोर्टाच्या क्लार्कला लागला की त्यांना, अग्निशमन दलालाही त्याच. हुद्दा मात्र 'कस्टमर सर्व्हिस रेप्रेझेंटेटिव्ह वन', म्हणजे पहिली पायरी. दुसऱ्यांची कामं करायला त्या खुर्चीतून उठत, मग त्यांच्या स्वतःच्या काउंटरवर रांग वाढे, आणि वार्षिक मूल्यमापनात "काम संथ" असा शेरा येई. तो शेरा लिहिणाऱ्यांपैकी एक वर्ष मी होते. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे: द्विभाषिक भत्ता. अनेक शहरं देतात. परीक्षा घ्यायची, पास झाला की दरमहा ठरावीक रक्कम, आणि दुभाषाचं काम कामाच्या वर्णनात लेखी. पण आम्ही पहिल्यांदा परीक्षा घेतली तेव्हा त्या बाई बसायलाच तयार नव्हत्या. "सतरा वर्षं करून घेतलंत, आता मला येतं की नाही बघणार?" कशाबशा बसल्या आणि काठावर पास झाल्या. कारण पेपरातलं स्पॅनिश थेट माद्रिदचं होतं. कॉम्प्युटरला 'ओर्देनादोर' म्हणणारं. आमच्या गावात सगळे 'कॉम्पुतादोरा' म्हणतात. बिलाला पेपरात 'फाक्तुरा', लोकांच्या तोंडी 'बिल', त्याचं अनेकवचन 'बिलेस'. ट्रकला 'त्रोका'. हे काही बिघडलेलं स्पॅनिश नव्हे. लाइटबिलावर 'वीज देयक' छापलेलं असतं म्हणून आपण घरी "देयक भरलंस का?" असं विचारतो का? दुसऱ्या वर्षी परीक्षा बदलली. काउंटरवर प्रत्यक्ष होणारी संभाषणं ठेवली: थकबाकी हप्त्याने भरायची आहे, मीटर चुकीचा दाखवतोय, घरमालकाने पाणी तोडलं. त्याच बाईंना जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. आज त्या त्या विभागाच्या सुपरवायझर आहेत, आणि आता इतरांची पहिली मसुदाप्रत लाल पेनाने सोलून काढतात.

आता 'तू'कडे येते. स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच. आदरार्थी शब्द 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही'. इंग्रजीत हा भेदच नाही, त्यामुळे मशीनने भाषांतर केलं की एका वाक्यात तुम्ही आणि पुढच्यात तू असं होतं. सत्तर वर्षांच्या आजोबांना सिटी हॉलचं पत्र "तू अंगणातलं गवत काप, नाहीतर दंड" अशा सुरात जातं. इंग्रजी बोलणाऱ्या साहेबाला हे समजावायला मला तास लागायचा. तुला अर्धं मिनिट लागणार नाही. ही मराठी माणसाची खरी मदत आहे, ती वापर. पत्र बाहेर जाण्याआधी कुणाही स्पॅनिश जाणकाराला एवढंच विचार: सगळीकडे उस्तेद आहे ना?

नावांचंही तसंच. स्पॅनिश रीतीत दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. समजा कुणी मारिया गार्सिया लोपेझ आहे. तिचं आडनाव गार्सिया. पण आपला अर्ज फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने पुढे करतो आणि बाई लोपेझ म्हणून नोंदली जाते. पुढच्या वेळी गार्सिया सांगते, रेकॉर्ड सापडत नाही, नवं खातं उघडलं जातं, जुन्या खात्याची अनामत रक्कम अडकून पडते. आपल्यापैकी ज्यांचं वडिलांचं नाव इथे 'मिडल नेम' होऊन बसलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे. आमच्या ऑफिसात गोव्याचे एक फर्नांडिस होते. त्यांना दर महिन्याला कुठून ना कुठून स्पॅनिशमधलं पत्रक यायचं. शेवटी त्यांनी ते शिकायला घेतलं, आणि घरी आजीच्या तोंडी ऐकलेल्या पोर्तुगीजच्या जोरावर आमच्या सगळ्यांच्या पुढे गेले.

एक गैरसमज मात्र पहिल्या दिवशीच टाकून दे: हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणारा. टेक्सास 1845 मध्ये अमेरिकेत आलं. त्याआधीपासून इथे राहणारी तेहानो कुटुंबं आहेत. "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं" असं ती म्हणतात. त्यांच्या आजी-आजोबांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार मिळाला, म्हणून त्यांनी मुलांना ती भाषा दिली नाही. 2009 ते 2014 या काळात सॅन अँटोनिओचे महापौर असलेले हुलियान कॅस्ट्रो यांचंही स्पॅनिश फारसं अस्खलित नव्हतं. तेव्हा ऑफिसातल्या एखाद्या पोरसवदा गार्सियाला पत्रक देऊन "हे जरा भाषांतर करून दे" म्हणू नकोस. त्याला येत नसेल तर तो ओशाळेल, आणि येत असेल तरी ते त्याचं काम नाही. तिसरा प्रकार याच्या उलटा. ग्वाटेमालातून आलेल्या कित्येकांची घरची भाषा स्पॅनिश नसून माम किंवा किचे असते, आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाकडून आलेल्यांची मिक्स्टेक. स्पॅनिश पत्रक त्यांनाही परकंच.

आकडे सांगायचे तर 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक लोक 6.21 कोटी निघाले, एकूण लोकसंख्येच्या 18.7 टक्के. टेक्सासमध्ये 39.3 टक्के. पण जनगणना खात्याने नंतर स्वतःच तपासलं तेव्हा हिस्पॅनिकांची मोजणी जवळजवळ 5 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तुझ्या गावाचा आकडा साहेबांना दाखवताना हे सांग. मोजणी कमी म्हणजे केंद्राकडून येणारा निधीही कमी, आणि तो कमी पडतो नेमका ज्या गल्ल्यांत गटारं तुंबतात तिथे.

गटारांवरून आठवलं. या विषयात एकच गोष्ट वाचायची झाली तर 1974 च्या सॅन अँटोनिओची वाच. तिथल्या पश्चिम भागात, मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची कामं वर्षानुवर्षं नगर नियोजनाच्या कागदांवर होती, जमिनीवर नव्हती. पाऊस आला की घरात पाणी. एर्नेस्तो कोर्तेस यांनी पॅरिशा-पॅरिशांतून, म्हणजे चर्चच्या मंडळींतून, 'कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस' ही संघटना बांधली. आद्याक्षरं जुळवली की 'कॉप्स'. त्यातल्या बायका सिटी हॉलमध्ये गेल्या त्या निवेदनं घेऊन नव्हे, नकाशे आणि जुने अंदाजपत्रकी आकडे घेऊन. हे काम कधी मंजूर झालं, पैसे कुठे गेले? कामं मार्गी लागली. 1977 मध्ये शहराने निवडणुकीची पद्धत बदलून प्रभागवार नगरसेवक निवडायला सुरुवात केली, आणि 1981 मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. 1842 नंतर तिथे झालेले ते पहिले हिस्पॅनिक महापौर. मधली जवळजवळ 140 वर्षं ती खुर्ची इतरांकडेच होती. गटार, प्रभाग, खुर्ची, या क्रमाने ते घडलं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

निवडून आलेल्यांची खुर्ची वेगळी आणि नेमलेल्यांची वेगळी, हे तुला सिटी हॉलमध्ये रोज दिसत असेल. इथे बऱ्याच शहरांत कारभार सिटी मॅनेजर बघतो. आपल्याकडच्या आयुक्तासारखा, पण फरक असा की आयुक्त राज्य सरकार पाठवतं, सिटी मॅनेजरला नगरपरिषदच नेमते आणि तीच काढते. त्या नेमणुकीच्या वर्तुळात शिरायला ओळखी लागतात. सिटी मॅनेजरांची जुनी संघटना, आयसीएमए, 1914 पासून आहे. तिच्या परिषदांत वर्षानुवर्षं एकाच तोंडवळ्याची माणसं दिसत. म्हणून हिस्पॅनिक अधिकाऱ्यांनी आपलं जाळं उभं केलं. आज ते 'लोकल गव्हर्नमेंट हिस्पॅनिक नेटवर्क' या नावाने ओळखलं जातं. लॉस एंजेलिसमध्ये तर त्याही आधी, 1974 मध्ये, शहराच्याच नोकरीतल्या काही इंजिनियरांनी हिस्पॅनिक इंजिनियरांची संस्था काढली, आणि ती पुढे देशभर पसरली. या संस्थांत खरी कामाची गोष्ट भाषणं नव्हेत. पहिल्यांदा अंदाजपत्रक मांडणाऱ्या मुलीला दुसऱ्या गावातला कुणीतरी आदल्या रात्री फोनवर सांगतो की तुझ्या तिसऱ्या पानावर प्रश्न येणार, उत्तर तयार ठेव. स्पॅनिशमध्ये अशा माणसाला 'पाद्रिनो' म्हणतात, बाई असेल तर 'माद्रिना'. बारशाला उभे राहणारे धर्मपिता-धर्ममाता. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यांना ऑफिसात असा पाद्रिनो नसतो. तो मिळवून देणं हे तुझ्या कामात बसतं.

रोजच्या कामातल्या काही गोष्टी पटापट सांगते, कारण या तुला कुठल्या प्रशिक्षणात सांगणार नाहीत.

टेक्सासात जमिनीचा वापर बदलायची सुनावणी असली की 200 फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना लेखी नोटीस जाते. मालमत्ताधारकांना, शेजारी भाड्याने राहणाऱ्यांना नाही. मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या घरांच्या वस्तीत, घर कुटुंबाचं, जमीन दुसऱ्याची. त्यामुळे 2023 मध्ये कायदा बदलेपर्यंत पार्क पाडून दुकानं बांधायची सुनावणी असली तर नोटीस जायची पार्कच्या मालकाला, म्हणजे बहुतेकदा विकणाऱ्यालाच! साठ कुटुंबांना कळायचं ते बुलडोझर आल्यावर. कायदा किमान सांगतो. त्याहून जास्त पत्रं पाठवायला कुणी अडवलेलं नाही. टपालखर्च किती येतो ते काढ आणि साहेबांपुढे ठेव, आकडा बघून ते हसतील.

सभेत दुभाषामार्फत बोलणाऱ्या नागरिकाला दुप्पट वेळ द्यायचा, असा टेक्सासचा कायदा 2019 पासून आहे. एकाच वेळी कानात भाषांतर ऐकवायची यंत्रणा असेल तर गोष्ट वेगळी. तीन मिनिटांत अर्धा वेळ भाषांतरात जातो, म्हणून सहा. मी स्वतः एका सभेत घड्याळ थांबवायला लावलं तेव्हा व्यासपीठावरच्या निम्म्यांना हे माहीत नव्हतं. मतपत्रिका स्पॅनिशमध्येही असण्याची सक्ती त्याहून जुनी, मतदान हक्क कायद्यातल्या 1975 च्या दुरुस्तीतली. याउलट सरकारी सेवांत भाषेची सोय करा असं सांगणारा 2000 सालचा अध्यक्षीय आदेश 2025 च्या मार्चमध्ये रद्द झाला. त्याचा आधार घेऊन कुणी "आता स्पॅनिश पत्रकं बंद करू" म्हणालं तर शहराच्या वकिलाकडे पाठव. 1964 चा नागरी हक्क कायदा जागेवरच आहे, आणि केंद्राचा निधी घेणाऱ्याला तो लागू आहे.

बैठक मंगळवारी दुपारी दोनला ठेवून "लोक येत नाहीत" असं अहवालात लिहू नकोस. छप्परं घालणारी, हॉटेलात भांडी घासणारी माणसं दुपारी दोनला येणार कुठून? रविवारी चर्चमधल्या स्पॅनिश प्रार्थनेनंतर तिथल्याच हॉलमध्ये ठेव, पाळणाघराची सोय कर, पानदुल्से ठेव. पानदुल्से म्हणजे तिथला गोड पाव, चहात बुडवून आपल्या नानकटाईसारखाच लागतो. आणि भाषांतर मुलांकडून करून घेऊ नकोस. दहा वर्षांच्या मुलीने आईला सांगायचं की आपलं पाणी तुटणार आहे, हे मी काउंटरवर पाहिलंय. मुलगी 'थकबाकी' या शब्दापाशी अडली आणि आईकडे न बघता जमिनीकडे बघत राहिली.

'नोतारियो'पासून लोकांना सावध कर. लॅटिन अमेरिकेत नोतारियो पुब्लिको हा बडा कायदेतज्ज्ञ असतो. इथला नोटरी पब्लिक फक्त सहीची साक्ष देतो. त्या नावाचा फायदा घेऊन इमिग्रेशनचे कागद करतो म्हणत लोकांना लुबाडलं जातं. टेक्सासात नोटरीने ही पदवी अशी भाषांतरित करून वापरायला मनाई आहे, तरी फलक दिसतात. लायब्ररीत एक छोटा कागद लावला तरी चार घरं वाचतात.

आणि सध्या लोक दार उघडत नाहीत, हे मनाला लावून घेऊ नकोस. ओळखपत्र गळ्यात घालून दारावर थाप मारणारा माणूस कुठल्या खात्याचा, पाण्याच्या की इमिग्रेशनच्या, हे आतल्या माणसाला काय कळणार? म्हणून दारावर आपण जायचंच नाही. 'प्रोमोतोरा' जातात. त्या वस्तीतल्याच बायका, आरोग्याची माहिती दारोदार नेणाऱ्या. आपल्या आशाताई समज. सीमेलगतच्या, नळ-गटार नसलेल्या कोलोनियांतून हे काम वाढलं, आणि टेक्सासने 1999 मध्ये त्यांच्या प्रशिक्षण-प्रमाणपत्रासाठी कायदा केला. त्यांना मानधन दे, आणि लसीकरण संपलं की विसरून जाऊ नकोस. वादळ, पाणी, निवडणूक, सगळ्याला त्याच लागतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. गटात जावं का? जा. मी गेले होते. पहिल्या बैठकीत एकाने विचारलं, "तुम्ही कुठल्या? पेरूच्या?" मी म्हटलं सोलापूरची. हशा झाला. मग मी सांगितलं की आमच्या गावात विड्या वळणाऱ्या आणि यंत्रमागावरच्या निम्म्या लोकांची घरची भाषा तेलुगू, आणि माझे वडील मराठी माणूस असून कचेरीच्या खिडकीत तेलुगू बोलायचे, तेही गाठचे पैसे खर्चून शिकवणी लावून. त्यानंतर मला कुणी पाहुणी मानलं नाही. पण जाशील तेव्हा पहिलं वर्ष ऐक. अध्यक्षपद, फोटो, सप्टेंबरच्या हिस्पॅनिक हेरिटेज मंथच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन यांत पुढे होऊ नकोस. ती संधी ज्यांच्यासाठी गट आहे त्यांची. तू बैठकीचं इतिवृत्त लिही, बजेटचा तक्ता करून दे. आणि साहेबांसमोर बसशील तेव्हा आउटरीचच्या यशाचं श्रेय काउंटरवरच्यांच्या नावानिशी दे, म्हणजे वरच्या पदाची जाहिरात निघेल तेव्हा त्यांची नावं आठवतील.

स्पॅनिश शीक, मात्र परीक्षा पास होईपर्यंत दुभाषा बनू नकोस. काही शब्द फुकटात मिळतील. बिल भरायला आलेला माणूस म्हणतो "पागार". म्हणजे पैसे चुकते करणं. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, शब्द तोच. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं सगळे माझा पगार विचारताहेत.

आणि तो 'मिडल नेम'चा रकाना उद्याच बघायला घे. आमच्याकडे तो एक रकाना बदलायला 14 महिने लागले. सॉफ्टवेअरवाल्याला सही कुणाची लागते, हे शोधण्यातच त्यातले आठ गेले.